बर्न झालेल्या ऑडिओ सीडीत अजून गाणी टाकायचीत? आधी हे वाचा

आमच्या अण्णांची गाडी जुनी आहे. तिच्यात सीडी प्लेअर आहे, यूएसबी नाही, ब्लूटूथ नाही, आणि बदलून टाकू म्हटलं की "वाजतोय ना, मग कशाला हात लावायचा" हे उत्तर ठरलेलं. मागे मी त्यांना एक ऑडिओ सीडी करून दिली होती, अभंग आणि थोडी जुनी भावगीतं, १४ गाणी, ६८ मिनिटं. मग निफाडला घरच्याच हळदीला आत्याने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या, त्या मी मोबाइलवर घेतल्या, आणि अण्णा म्हणाले, "ह्या पण त्याच सीडीत टाक ना, जागा आहे ना अजून?" जागा होती, १२ मिनिटं. मला वाटलं चहा होईस्तोवर होईल. दोन रविवार आणि चार सीड्या गेल्या त्यात, पाचवी वाजली. तुमच्या तेवढ्या जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

थोडक्यात उत्तर आधीच सांगतो, घाईत असाल तर इथेच थांबा: बाजारातून आणलेली किंवा नेहमीच्या पद्धतीने बर्न केलेली (कॉम्प्युटरवरून लिहिलेली) ऑडिओ सीडी "बंद" झालेली असते, तिच्यात नंतर गाणं घुसवता येत नाही. बर्न करतानाच ती उघडी ठेवली असेल तरच पुढे गाणी चढतात. बाकी सगळ्यांनी जुनी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि नवी सीडी मारायची.

१. आधी पंगतीचा हिशोब समजून घ्या

हे समजलं नाही तर पुढचे पर्याय बघून डोकं फिरतं, म्हणून दोन मिनिटं द्या.

एकदा बर्न करायला घेतलेला भाग म्हणजे सेशन. सेशन म्हणजे एक पंगत असं धरा. पंगत बसत असते तोवर उशिरा आलेला पाहुणाही शेवटच्या पाटावर टेकतो. सगळे बसले की यजमान पानं मोजतो आणि कोण कुठे बसलंय ते वहीत लिहितो. सीडीतली ही वही म्हणजे टीओसी, टेबल ऑफ कंटेंट्स, ती सीडीच्या अगदी आतल्या कडेला, लीड-इन नावाच्या पट्ट्यात लिहिली जाते. आता गंमत अशी की गाडीतला किंवा घरातला साधा प्लेअर ही वही वाचल्याशिवाय एक गाणं वाजवत नाही, आणि तो वही वाचतो ती फक्त पहिल्या पंगतीची. दुसरी पंगत बसली, तिसरी बसली, त्याला घेणंदेणं नाही, पहिली वाढून झाली की तो हात धुऊन मोकळा.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये साधारण तीन पर्याय असतात, नावं इकडेतिकडे होतात पण अर्थ हेच:

- सेशन उघडं ठेवा: पंगत अजून बसतेय, अजून गाणी येतील. वही लिहिलेली नाही, त्यामुळे साधा प्लेअर "नो डिस्क" म्हणणार.
- सेशन बंद, डिस्क उघडी: ही पंगत उठली, पण मांडव उभा आहे, दुसरी बसवता येईल.
- डिस्क बंद, म्हणजे फायनलाइज: मांडव सोडला, आता काहीच नाही.

सगळे फसतात ते मधल्या पर्यायात, मी पण. नाव वाचून वाटतं हाच आपल्याला पाहिजे, डिस्क उघडी आहे म्हणजे गाणी टाकता येतील. टाकता येतातही! माझ्या पहिल्या सीडीत कॉम्प्युटरने व्यवस्थित १७ गाणी दाखवली, मी खुशीत गाडीत घातली, आणि प्लेअरवर १४ च. आत्या दुसऱ्या पंगतीत बसलेली. शिवाय पहिलं सेशन बंद करून दुसरं सुरू करण्यातच अडीच मिनिटांच्या आसपास जागा जाते ती वेगळीच.

डेटा सीडीला, म्हणजे जिच्यात एमपीथ्रीसारख्या नुसत्या फाइली असतात तिला, मधला पर्याय बरोबर आहे. ऑडिओ सीडीला नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

२. काय काय लागेल

- कोरी सीडी-आर, ७०० एमबी म्हणजे ८० मिनिटांची. एक नाही, तीन घ्या.
- सीडी रायटर. नव्या लॅपटॉपला नसतो, बाहेरून यूएसबीने लावायचा स्लिम ड्राइव्ह मिळतो.
- गाण्यांच्या मूळ फाइली, किंवा निदान जुनी सीडी.
- ऑडॅसिटी, फुकट आहे, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग नीट करायला.
- सीडीवर लिहायचं मार्कर पेन. बॉलपेन नको, चरा पडतो, आणि सीडीचा चांदीचा थर वरच्या बाजूलाच असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.
- लाइट जायची शक्यता असेल तर यूपीएस, किंवा सरळ चार्ज झालेला लॅपटॉप.

कोऱ्या सीड्या नाशकात अजून मिळतात. एमजी रोडला विचारत गेलो, पहिल्या दोन दुकानांत "पेनड्राइव्ह घ्या ना भाऊ" ऐकून घेतलं, तिसऱ्याने वरच्या फळीवरून धूळ झटकून पन्नासाचा डबा काढला आणि सुट्या दिल्या. घेताना खालची बाजू उजेडात धरून बघा, चरे किंवा डाग नकोत, आणि डब्यावर सीडी-आर लिहिलंय का डीव्हीडी-आर तेही बघा, दोन्ही दिसायला सारख्याच.

बाहेरचा ड्राइव्ह असेल तर लॅपटॉपच्या पोर्टलाच लावा, यूएसबी हबला नको. बर्न करताना तो जास्त करंट खेचतो, हबवर कमी पडला की मध्येच मान टाकतो.

३. तुमच्याकडची सीडी ऑडिओ आहे का एमपीथ्री ते बघा

कॉम्प्युटरमध्ये घालून उघडा. "ट्रॅक ०१" अशा सीडीए नावाच्या फाइली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी. एमपीथ्री फाइली दिसल्या तर डेटा सीडी, तुम्ही सरळ मुद्दा ९ वर जा, तुमचं काम सोपं आहे.

इथला सापळा सांगून ठेवतो. माझ्या चुलतभावाने त्या सीडीए फाइली सिलेक्ट केल्या, पेनड्राइव्हवर टाकल्या, क्षणात झालं म्हणून मलाच शहाणपणा शिकवला, "तू उगाच सॉफ्टवेअर शोधत बसतोस." पेनड्राइव्ह लावला तर शांतता. त्या फाइलीत गाणं नसतंच, एकेक फाइल जेमतेम ४४ बाइटची, फक्त गाणं सीडीवर कुठे सुरू होतं त्याचा पत्ता. पाहुण्याऐवजी त्याचा पत्ता घरी आणल्यासारखं.

४. सीडी बंद आहे का उघडी

इमगबर्न हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सीडी घातली की उजव्या बाजूला माहिती येते. स्टेटसपुढे "कम्प्लीट" असेल तर बंद, "इनकम्प्लीट" असेल तर उघडी, आणि किती जागा शिल्लक आहे तेही दिसतं.

डोळ्यानेही अंदाज येतो. सीडी उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, भरलेला भाग रंगाने थोडा वेगळा दिसतो आणि एका ठिकाणी कडक रेघ मारल्यासारखा संपतो, त्याच्यापुढे कोरं. दोन सेशन असतील तर मध्ये बारीक कडं दिसतं. माझ्या त्या पहिल्या सीडीत ते कडं इतकं स्वच्छ दिसत होतं की आत्याच्या तीन ओव्या मी अण्णांना बोटाने दाखवल्या. ऐकवता मात्र आल्या नाहीत.

बाहेर कोरा भाग दिसतोय म्हणून सीडी उघडी आहे असं समजू नका. अर्धी रिकामी सीडीसुद्धा बंद असू शकते, नव्हे बहुतेक वेळा असतेच. विंडोज मीडिया प्लेअरने ऑडिओ सीडी केली असेल तर ती बंदच होते, तिथे विचारतही नाही.

५. बंद असेल तर: उतरवा आणि नवी मारा

दहातल्या नऊ जणांना हेच करायचंय आणि यात कमीपणा काही नाही.

पहिल्यांदा जुन्या सीडीतली गाणी कॉम्प्युटरवर घ्या, याला रिप करणं म्हणतात. विंडोज मीडिया प्लेअरच्या रिपच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट म्हणून वेव्ह (WAV) निवडा, मगच रिप करा. सीडी चरे पडलेली असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, ते एकेक तुकडा परत परत वाचून बघतं, वेळ खातं पण नीट काढतं.

वेव्ह का, तर एमपीथ्री करताना आवाजातला थोडा भाग कायमचा फेकला जातो, आणि त्या एमपीथ्रीची परत ऑडिओ सीडी केली तरी फेकलेलं परत येत नाही. असं दोनतीनदा फिरवलं की टाळ पत्र्यासारखे वाजायला लागतात. वेव्ह मिनिटाला १० एमबी जागा खाते, पूर्ण सीडीला ७००-८०० एमबी, आजच्या हार्डडिस्कला काय आहे त्यात.

मग त्याच फोल्डरमध्ये नवी गाणी टाका, क्रम लावा, एकूण वेळ ८० मिनिटांच्या आत आहे बघा आणि नव्या सीडीवर बर्न करा. हिशोब एमबीत नका करू, मिनिटांत करा. ऑडिओ सीडीत ५ एमबीचं एमपीथ्री आणि ५० एमबीची वेव्ह, गाणं पाच मिनिटांचं असेल तर दोघं पाच मिनिटंच खाणार. गाण्यांची मर्यादा ९९ आहे, तिथवर कोणी जात नाही.

आणि तो फोल्डर डिलीट करू नका. खरं तर पूर्ण लेखातली कामाची गोष्ट हीच, फोल्डर असेल तर सीडी उघडी का बंद या भानगडीत पडायची गरजच नाही.

६. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तयार करणं

ज्यांना फक्त बाजारातली गाणी टाकायचीत त्यांनी पुढे जा. घरचं रेकॉर्डिंग असेल तर थांबा, कारण इथे बर्न करायचं सॉफ्टवेअर "फाइल चालत नाही" म्हणतं आणि माणूस सीडीला दोष देतो.

मोबाइलचा रेकॉर्डर बहुधा एमफोरए फाइल देतो, आणि व्हॉट्सॅपवर बोलून पाठवलेला मेसेज ओपस नावाच्या फॉरमॅटमध्ये येतो. आत्या पुढच्या ओव्या व्हॉट्सॅपवरच पाठवत होती, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही. ऑडॅसिटीत एमफोरए उघडायला एफएफएमपेग ही जोड टाकावी लागते, एकदाच. मग फाइल उघडायची, सुरुवातीचं "झालं का रे चालू?" कापायचं (मी एका ओवीत ते ठेवलंय, अण्णांना आवडतं), आवाज नॉर्मलाइज करायचा, म्हणजे बाकी गाण्यांच्या पातळीला आणायचा, आणि वेव्ह म्हणून एक्सपोर्ट करायचं: ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. ऑडिओ सीडीचं माप हेच, दुसरं कुठलं चालत नाही.

नॉर्मलाइज विसरू नका. स्टुडिओतल्या अभंगानंतर मोबाइलवरची ओवी लागली की आवाज एकदम बसतो, माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि पुढचं गाणं लागलं की गाडीतले सगळे दचकतात. पंख्याची घरघर असेल तर नॉइज रिडक्शन थोडं वापरा, फार नको, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. जात्याची घरघर मात्र काढू नका हां, ती गाण्यातलीच आहे.

७. उघडी सीडी करायचीच असेल तर

मला करायची होती कारण आत्या दर दोन दिवसांनी म्हणायची अजून एक आठवली. तर पायऱ्या अशा:

एक, सॉफ्टवेअरमध्ये लिहायची पद्धत ट्रॅक ऍट वन्स, म्हणजे एकेक गाणं सुटं लिहिणारी, निवडा. डिस्क ऍट वन्स नको, त्यात सगळं एका दमात लिहून सीडी बंद होते.

दोन, सेशन उघडं ठेवायचा पर्याय निवडा, मुद्दा १ मधला पहिला. फक्त "फायनलाइज" एवढाच चौकोन दिसत असेल तर सावध व्हा, त्याची खूण काढली तरी काही सॉफ्टवेअर सेशन बंद करतातच, म्हणजे परत आपली दुसरी पंगत. पहिलं गाणं चढवून झालं की इमगबर्नमध्ये "स्टेट ऑफ लास्ट सेशन" ही ओळ बघा, तिथे इनकम्प्लीट पाहिजे. लिनक्सवर हे एकदम सरळ आहे, वोडिम नावाची कमांड, तिला टीएओ आणि नोफिक्स असे दोन शब्द द्यायचे, गाणी चढतात आणि सेशन उघडं राहतं.

तीन, स्पीड कमी ठेवा, ८ किंवा १६ एक्स, म्हणजे वाजायच्या वेगाच्या ८ किंवा १६ पट. माझी एक सीडी ५२ एक्सने मारली होती, घरात वाजली, गाडीत चांदोरीच्या पुढे रस्त्याला हादरे सुरू झाले तशी अडखळायला लागली. १६ एक्सने पूर्ण सीडीला पाचेक मिनिटं लागतात, तेवढी बसा.

चार, बर्न चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही करू नका आणि लाइटचा भरवसा धरू नका. सिडकोत आमच्याकडे शनिवारी लाइट जाते हे मला पाठ आहे, म्हणून रविवारी बसलो, तर रविवारी गेली. अर्धवट राहिलेलं गाणं पुसता येत नाही, ती सीडी मग चहाच्या कपाखाली.

या पद्धतीचे दोन तोटे आहेत. दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता येते, अभंगांना चालतं पण सलग मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर तुटल्यासारखं वाटतं. आणि प्लेअरच्या पट्टीवर गाण्याचं नाव दिसायला जे सीडी-टेक्स्ट लागतं त्याला डिस्क ऍट वन्सच हवं. दोन्हीपैकी काही पाहिजे असेल तर मुद्दा ५ कडे वळा.

८. पुढची गाणी चढवणं आणि शेवटी बंद करणं

पुढच्या वेळी तीच सीडी, शक्यतो तोच रायटर. शिल्लक मिनिटं आधी बघा, मग ट्रॅक ऍट वन्स, सेशन उघडं, नवीन गाणी तेवढीच यादीत घाला. जुनी परत घालायची नाहीत.

मधल्या काळात ही सीडी रायटर सोडून कुठे वाजेल अशी अपेक्षा धरू नका. एखादा प्लेअर वाजवतो, बहुतेक नाही. अण्णांनी मला न सांगता उघडी सीडी गाडीत घातली, "नो डिस्क" आलं, आणि औरंगाबाद नाक्यावरून फोन, "कोरी सीडी दिलीस का मला?"

सगळी गाणी चढली की फायनलाइज किंवा क्लोज डिस्क करा, वोडिमवाल्यांनी फिक्स हा शब्द द्यायचा. दोन-तीन मिनिटं ड्राइव्ह नुसता फिरत बसतो, स्क्रीनवर काही हलत नाही, अडकलं समजून बाहेर काढू नका, वही लिहिणं चालू आहे. झालं की आधी घरच्या प्लेअरवर शेवटचं गाणं लावून बघा, शेवटचंच, कारण बाहेरच्या कडेला गडबड आधी होते.

९. एमपीथ्री सीडी आणि आरडब्ल्यू

प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर एमपीथ्री लिहिलेलं असेल तर तुम्ही नशीबवान, ऑडिओ सीडीच्या नादाला लागूच नका. १२८ केबीपीएसची गाणी मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे ७०० एमबीत ११-१२ तास, आणि मल्टिसेशन ठेवून, म्हणजे डिस्क उघडी ठेवून एकामागे एक सेशन लिहीत, गाणी वाढवत जाता येतं. दुसऱ्यांदा बर्न करताना आधीचं सेशन इम्पोर्ट करा किंवा "कंटिन्यू मल्टिसेशन" घ्या, नाहीतर जुनी गाणी सीडीवर असूनही दिसेनाशी होतात. विंडोज सुरुवातीला विचारतं की डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, तिथे दुसरं निवडा. पहिल्या प्रकारची सीडी कॉम्प्युटरवर झकास चालते आणि गाडीतला प्लेअर तिला ओळखही देत नाही.

सीडी-आरडब्ल्यू पुसून परत वापरता येते, सराव करायला उत्तम. पण ती प्रकाश कमी परतवते, साध्या सीडीच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढाच, त्यामुळे जुने प्लेअर तिच्याकडे बघतही नाहीत. माझी चौथी हीच. पुसून ठेवलीय.

सीडी झाली की गाडीत डॅशबोर्डवर टाकू नका. एप्रिल-मेच्या उन्हात काचेखाली ठेवली तर आतला रंगाचा थर खराब होतो, कधी सीडी वाकडीही होते. पाकिटात घालून खणात.

आमची पाचवी सीडी १७ गाण्यांची, फायनलाइज केली, अण्णांनी निफाडपर्यंत वाजवत नेली, आत्याला गाडीत बसवून ऐकवली. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॅपवर ओपस फाइल आली, चार मिनिटांची, खाली लिहिलेलं, "ही राहिली होती, घाल त्यात." फोल्डरमध्ये टाकलीय. सहावी कोरी सीडी आहे शिल्लक.